इंग्रजी कादंबरी, देशी पडदा (लेखांक ७) : टेसचा घोडा

टेस ही नायिका असलेल्या थॉमस हार्डीच्या कादंबरीवर बेतलेल्या नूतनच्या चित्रपटाकडे या आठवड्यात वळायचं ठरलं होतं. पण मधेच म्हशाहून एका वाचकाचं पत्र आलं आणि नूतनला आठवडाभर थांबवावं लागतंय. पत्रातला प्रश्न असा : टेस एवढी समजूतदार पोर, मग त्या परक्या श्रीमंताच्या दारात ती गेलीच कशाला?

हा प्रश्न म्हशाहून यावा याचा मला विशेष आनंद झाला. त्याचं उत्तर एका जनावराच्या मरणात आहे. पौष पौर्णिमेला ज्या गावाच्या जत्रेत बैलांचा बाजार भरतो, तिथल्या माणसाला ते चटकन उमगेल.

थॉमस हार्डीची ही कादंबरी १८९१ची. टेसचा बाप जॉन डर्बीफिल्ड हा घोडागाडीवर किरकोळ व्यापार आणि मालाची ने-आण करून पोट भरणारा माणूस. आपण डर्बरव्हिल नावाच्या जुन्या सरदार घराण्याचे वंशज आहोत असं एका पाद्र्याकडून कळल्यावर तो त्या आनंदात इतका पितो, की मधमाश्यांची पोळी बाजाराला पोचवायला रात्री त्याला उठवतच नाही. म्हणून टेस धाकट्या भावाला घेऊन अंधारातच गाडी जुंपते. घोडा म्हातारा, नाव प्रिन्स. वाटेत टेसचा डोळा लागतो. समोरून भरधाव येणाऱ्या टपालगाडीचा टोकदार दांडा प्रिन्सच्या छातीत घुसतो. टेस उडी मारून जखमेवर हात दाबून धरते आणि रक्ताच्या चिळकांडीने नखशिखांत माखते. अंगात बळ आहे तोवर घोडा उभा राहतो, मग कोसळतो.

पुढचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. म्हाताऱ्या घोड्याच्या कलेवराचे अगदी थोडे शिलिंगच मिळणार असतात. बाप ते विकायला नकार देतो. घरच्या बागेत स्वतः खड्डा खणतो. कित्येक महिन्यांत पोटासाठी गाळला नसेल एवढा घाम तो त्या खड्ड्यासाठी गाळतो. मुलं हंबरडा फोडतात. आणि टेसच्या डोळ्यांत पाणी येत नाही, कारण या मरणाला आपणच जबाबदार आहोत असं तिच्या मनाने घेतलेलं असतं.

आता हिशेब मांडा. मृगाच्या तोंडावर जोडीतला एक बैल गेला, तर चिखलणी कशी व्हायची, आवणी कशी उरकायची? दुसरा बैल घ्यायला पैसा कुठून आणायचा? जनावर गेलं की त्या वर्षाची कमाईही जाते. डर्बीफिल्डांच्या घरात नेमकं हेच होतं. आई श्रीमंत 'नातेवाइकां'चं नाव काढते. टेसला जायचं नसतं, पण घोडा आपल्यामुळे गेला या विचारापुढे तिचा नकार टिकत नाही. तिथे तिला कोंबड्या सांभाळायचं काम मिळतं आणि मालकिणीचा मुलगा अ‍ॅलेक तिच्या मागे लागतो.

हार्डीची खरी पकड तर पुढे दिसते. ज्या रात्री जंगलात अ‍ॅलेक तिच्यावर बळजबरी करतो, त्याच रात्री, त्याआधी, तो तिला सांगतो की तुझ्या वडिलांना आज नवा घोडा मिळाला आहे. घोडा कुणी दिला हे टेसला लगेच कळतं. तिला नीट आभारही मानता येत नाहीत आणि ते दान परतही करता येत नाही. म्हणजे ज्या निकडीपायी ती घराबाहेर पडली, तीच निकड अ‍ॅलेकने तिला बांधून ठेवायला वापरली. माझ्या मते अख्ख्या कादंबरीची कळ इथे आहे. म्हणूनच टेसवरचा कुठलाही चित्रपट पाहताना मी आधी बघतो, की घोड्याचं काय केलंय.

मायकेल विंटरबॉटमचा 'तृष्णा' (२०११) या कसोटीला उतरतो. त्याने गोष्ट राजस्थानात आणि मुंबईत आणली. नायिका तृष्णा म्हणजे मुंबईची फ्रीडा पिंटो, नायक जय म्हणजे रिझ अहमद. इथे प्रिन्सच्या जागी बापाची जीप आहे. ती अपघातात मोडते, घरची मिळकत थांबते आणि तृष्णा जयच्या वडिलांच्या हॉटेलात कामाला लागते. अ‍ॅलेक आणि पुढे टेसचा नवरा होणारा एंजल हे कादंबरीतले दोन पुरुष त्याने एका जयमध्ये मिसळले, त्यावर वाद घालता येईल. पण त्याने घोड्याची जीप केली, तिथे हार्डीचा हिशेब त्याला पुरता कळला होता. आपल्याकडे शेतात ट्रॅक्टर आणि रस्त्यावर टेम्पो आला, तरी घराचा सगळा भार एका चाकावर असणं काही सुटलेलं नाही.

रोमान पोलान्स्कीच्या 'टेस'चा (१९७९) स्वतंत्र लेख होईल. शेवटच्या प्रसंगातलं स्टोनहेंज त्याने इंग्लंडबाहेर, फ्रान्समध्ये उभारलं होतं. ती हकिगत तेव्हा.

म्हशाच्या वाचकांना माझं उत्तर एवढंच : टेस शहाणी होती म्हणूनच गेली. घरातली मोठी मुलगी ती, आणि कुणाचं पोट कशावर चालतं हे बापापेक्षा तिलाच जास्त कळत होतं.

पुढच्या आठवड्यात मात्र नूतन नक्की. तिच्या 'दुल्हन एक रात की' (१९६७) या चित्रपटाच्या नावानेच गोष्टीचा भार लग्नाच्या रात्रीवर नेऊन ठेवला. त्याआधी १९४४मध्ये डब्ल्यू. झेड. अहमद यांनी पुण्याच्या शालिमार पिक्चर्समध्ये 'मन की जीत' काढला, तोही टेसवरूनच. पुण्यात तयार झालेली टेस आणि नूतनची टेस शेजारी ठेवून पाहू, आणि दोघींना घराबाहेर कोणी काढलं हे तपासू.