नरक्याची साल आणि चढता पारा

कोल्हापुरातल्या राधानगरी, आजरा, चंदगडच्या जंगलात नरक्या हे लहानसं झाड मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. फुलांचा वास असा की हौसेनं परसात कुणी लावणार नाही. त्याचं नशीब पालटलं ते सातासमुद्रापार. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मन्सुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगाविरुद्ध उपयोगी पडू शकणारं द्रव्य वेगळं केलं. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात दाखवलं, तेही भरपूर.

मूळ द्रव्य रुग्णांना सोसेना म्हणून चाचण्या थांबल्या. ते पेशीतल्या नेमक्या कुठल्या विकरावर घाव घालतं हे १९८५ मध्ये उमगलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. १९९६ साली त्यापासून बनवलेल्या टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन या कर्करोगावरच्या औषधांना अमेरिकेत परवानगी मिळाली. इकडे घाटात कुऱ्हाड चालली. नरक्याची चोरटी तोड ही कोल्हापुरात नवलाची बातमी उरली नाही.

या सगळ्या काळात विचारणा एकच: कुठल्या झाडात कॅम्प्टोथेसिन किती टक्के? उन्हानं हा टक्का कसा बदलतो, याचा हिशेब उशिरा सुरू झाला. चीनमध्ये २००३ साली त्या चिनी झाडाच्या रोपांना ४० अंशांचा दोन तास चटका दिला, तेव्हा कॅम्प्टोथेसिनच्या एका भाऊबंद द्रव्याचं प्रमाण वाढलं. तापमान चढलं की झाडाची वाढ आधी मंदावते. खोडापानांत खर्ची पडणारा कार्बन मग बचावाच्या रसायनांकडे वळू शकतो. पण ताण लांबला, पर्णरंध्रं मिटली, की अन्न बनवणंच घटतं. वळवायला उरणार काय?

अमेरिकी जिनसेंगवरचा २००७ चा प्रयोग मला म्हणून जास्त बोलका वाटतो. तेही सावलीतलंच रोप. पाच अंश जादा तापमानात त्याच्या मुळातलं औषधी द्रव्य वाढलं. मूळ मात्र लहान राहिलं, पानं लवकर पिकली. टक्का वाढला म्हणून माल वाढला, असं व्यापाऱ्यानं म्हणावं. अभ्यासकानं तरी म्हणू नये.

नरक्या तोडला तरी बुंध्याला धुमारे फुटतात. आजूबाजूची झाडंही गेली असली तर ते धुमारे थेट उन्हात वाढतात. सावलीतल्या धुमाऱ्याची साल आणि उघड्यावरची साल शेजारी ठेवून तपासावी, आणि टक्क्यासोबत दोन्ही धुमाऱ्यांचं वजनही त्याच तक्त्यात लिहावं.