आई, माय, अम्मी

मागच्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला आईस पत्र लिहायला दिले होते. एका विद्यार्थिनीने पत्राची सुरुवात अशी केली होती : 'आई, आपण कशा आहात?' मी लाल शाईने ते वाक्य खोडले आणि वर लिहिले, 'तू कशी आहेस?' मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. म्हणाली, "सर, अम्मीला 'तू' कसे म्हणायचे? अम्मी रागावेल." मी "मराठीत असेच म्हणतात" एवढेच सांगून तिला परत पाठवले. ते उत्तर अपुरे होते.

विद्यार्थी मित्रांनो, मराठी घरात मुले आईला 'तू' म्हणतात. वडिलांना मात्र जुन्या रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हणतात. आता पुष्कळ घरांत वडिलांनाही 'तू' म्हणू लागले आहेत. यात आईचा अपमान मुळीच नाही. दुआ मागताना आपण अल्लाहला उर्दूत 'तू'च म्हणतो ना? जिथे जवळीक फार असते, तिथे 'आप' मागे पडतो. हे मी त्या मुलीला त्याच दिवशी सांगायला हवे होते.

आता शब्दांकडे वळू. संस्कृत 'मातृ' या शब्दापासून प्राकृतातून मराठीत 'माय' आला. फारसीतील 'मादर' हा त्याच कुळातला शब्द. म्हणून आपली 'मादरी जबान' आणि मराठीतील 'मातृभाषा' हे शब्द एकमेकांचे नातेवाईकच आहेत. वऱ्हाडात व मराठवाड्यात आजही कित्येक घरांत 'माय' अशी हाक ऐकू येते. काही शब्दांत तर आई लपून बसली आहे. 'मावशी' म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण. 'माहेर' म्हणजे मातृगृह, आईचे घर. उर्दूतील 'मैका' आठवून पाहा.

'आई' या शब्दाचे कूळ मात्र वेगळे. तमिळ व कन्नड भाषांत आईसाठी 'आयी' असा शब्द आहे. त्यामुळे 'आई'चे नाते द्रविड भाषांशी सांगितले जाते. शाळेत लहान मुलांना सांभाळणारी 'आया' हिचा मात्र 'आई'शी काही संबंध नाही! तो शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आहे.

'अम्मी' म्हटले की अरबीतील 'उम्म' आठवतो. दक्षिणेत 'अम्मा' आहे, संस्कृतात 'अंबा' आहे. इतक्या दूरदूरच्या भाषांत 'म' कसा आला? तान्हे मूल ओठ मिटून उघडते, तेव्हा 'म' हा आवाज सहज निघतो. आई समजते, आपल्यालाच हाक मारली. पण जॉर्जिया देशाच्या भाषेत गंमत आहे. तिथे 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई!

पुढे हे शब्द घराबाहेर पडले. संत ज्ञानेश्वर पुरुष, पण वारकरी त्यांना 'माउली' म्हणतात. विठोबाची 'विठाई' झाली. मुंबादेवीच्या नावाला 'आई' जोडून 'मुंबई' हे नाव झाले, असे सांगतात. अरबीतही असेच आहे. सूरह फातिहाला 'उम्मुल किताब' म्हणतात आणि मक्का शहराला 'उम्मुल कुरा', म्हणजे वस्त्यांची आई. आणि ठेच लागली की मराठी माणूस, मग तो आजोबा का असेना, "आई गं!" असेच ओरडतो.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी बोलावून हे सगळे सांगितले. "मग मी 'आई' लिहू की 'अम्मी'?" तिने विचारले. मी म्हणालो, "घरी जी हाक मारतेस तीच लिही. 'अम्मी'लाही मराठीचे प्रत्यय लागतात : अम्मीने, अम्मीला, अम्मीचा." तिने पत्र पुन्हा लिहून आणले. वर लिहिले होते, 'प्रिय अम्मीस'. खाली वाक्य होते, 'अम्मी, तू कशी आहेस?' 'तू' हे अक्षर तिने जरा लहान काढले होते. मी ते तसेच राहू दिले.