गप्प बसलेली लाइन

इथे अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत एका वर्कशॉपसाठी मी भट्ट्यांचं तापमान वाचणारा प्रोग्राम लिहिला. चार सेन्सर, म्हणजे चार फाइल डिस्क्रिप्टर; उघडलेल्या प्रत्येक वाटेला कर्नलने दिलेला नंबर. मी एकेकाला क्रमाने वाचत होतो. पहिल्याची वायर निसटली, रीड तिथेच अडकलं, आणि तिसरी भट्टी तापल्याचं कुणी वाचलंच नाही. चूक माझीच.

सिग्नल्समध्ये आमचा एक्स्चेंजवरचा जवान एकाच लाइनला कान लावून बसत नसे. ज्या नंबरची पट्टी पडे, तोच तो घेई. इव्हेंट लूप हेच करतो: सगळे डिस्क्रिप्टर कर्नलला सांगून झोपायचं, हालचाल झाली की उठायचं. १९८३ च्या ४.२ बीएसडीतला सिलेक्ट दर वेळी पूर्ण यादी तपासतो. लिनक्सचा इपोल फक्त तयार असलेले नंबर हातात देतो. चार सेन्सरना अर्थात साधा पोलही पुरतो.

इपोल एज-ट्रिगर्ड लावलात तर सांभाळा. नवं काही आलं तरच तो उठवतो. अर्धवट वाचलंत तर उरलेलं पडून राहतं. म्हणून डिस्क्रिप्टर नॉन-ब्लॉकिंग करून ईअगेन येईपर्यंत वाचा.

तरीही निसटलेली वायर स्वतःहून काहीच कळवत नाही. त्यासाठी टाइमआउट हवाच. आता दहा सेकंद कुठलीही लाइन गप्प राहिली की माझा भोंगा वाजतो.