इंटरनेटवरील वैद्यकीय शिक्षण : पारख कोणत्या कसोटीवर करावी?

वैद्यकीय ज्ञानात सतत भर पडत असल्याने डॉक्टर आणि परिचारिका यांचे शिक्षण पदवीबरोबर संपत नाही. हे निरंतर शिक्षण पूर्वी ग्रंथालय, व्याख्याने व परिषदा यांवर अवलंबून असे. आता त्यात इंटरनेटवरील पाठांची भर पडली आहे. ध्वनिचित्रफिती, हृदयध्वनींचे नमुने, सोडवण्यासाठी दिलेली रुग्णांची उदाहरणे, असे हे साहित्य रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेलाही सवडीने अभ्यासता येते. २०२० साली कोविडच्या साथीत महाविद्यालये बंद असताना अध्यापन मुख्यतः याच मार्गाने चालू राहिले. तथापि साधन हाताशी आहे म्हणून ते उपयुक्तच असेल, असे मानता येत नाही. विश्वस्त संस्थेतील प्रत्येक रुपयामागे देणगीदाराचा विश्वास असतो आणि निष्फळ प्रशिक्षणाची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनासाठी अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार पायऱ्या मांडल्या. मूळ विचार उद्योगक्षेत्रासाठी होता. पुढे तो वैद्यकीय शिक्षणातही रूढ झाला. जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याविषयीचा पाठ उदाहरणादाखल घेऊ.

पहिली पायरी प्रतिक्रियेची : पाठ शिकणाऱ्यांना आवडला काय? दुसरी ज्ञान व कौशल्याची : पाठापूर्वी आणि पाठानंतर घेतलेल्या चाचणीत फरक पडला काय? तिसरी आचरणाची : प्रसूतिगृहात बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग आणि मास्कने श्वास देणे सुरू होते काय? चौथी परिणामाची : नवजात बालकांचे मृत्यू कमी झाले काय?

बहुतेक ठिकाणी मूल्यमापन पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबते, कारण अभिप्रायपत्रक भरून घेणे सोपे व प्रसूतिगृहात निरीक्षण करणे कष्टाचे असते. परंतु दुसरी पायरी चढली म्हणजे तिसरी आपोआप गाठली जात नाही. याचे बोलके उदाहरण टांझानियातील हायडम येथील रुग्णालयात मिळते. तेथे २०१० साली नवजात बालकांच्या पुनरुज्जीवनाचे एक दिवसाचे प्रशिक्षण देण्यात आले. सात महिन्यांनंतर कर्मचाऱ्यांची पुतळ्यावरील कामगिरी सुधारलेली आढळली. प्रत्यक्ष प्रसूतिगृहातील व्यवहार मात्र सुधारला नव्हता. त्यानंतर कामाच्याच जागी, काही मिनिटांचा आणि वारंवार सराव सुरू करण्यात आला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पहिल्या २४ तासांतील मृत्यूंचे प्रमाण दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हे प्रशिक्षण इंटरनेटवरचे नव्हते. पण पुतळ्यासमोर हात लावून शिकलेलेही जर आपोआप व्यवहारात उतरत नसेल, तर केवळ पडद्यावर पाहिलेल्या पाठाबाबत अधिकच सावध राहावयास हवे.

तुलना कशाशी करावयाची, हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. डेव्हिड कुक व सहकाऱ्यांनी २००८ साली २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. काहीच न शिकवण्याच्या तुलनेत इंटरनेटवरील शिक्षणाचा लाभ मोठा दिसला. परंतु व्याख्यानादी अन्य पद्धतींच्या तुलनेत सरासरी फरक अल्प होता. म्हणजेच शिक्षणाचा गुण केवळ माध्यमात नसतो. पाठाची रचना, सरावाची संधी आणि चूक दाखवून देणारा मार्गदर्शक यांवर तो बराचसा अवलंबून असतो.

म्हणून एखादा संगणकीय पाठ स्वीकारण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे हितावह ठरते. त्यातील उपचारपद्धती अद्ययावत आहे काय व तिचा शेवटचा आढावा कोणत्या वर्षी घेतला गेला? भाषा परिचारिका व साहाय्यक कर्मचाऱ्यांना सहज समजते काय? साध्या मोबाइलवर, मंद जोडणीतही तो चालतो काय? दाखवलेली उपकरणे आपल्या वॉर्डात आहेत काय? पाठ सुरू झाल्यावर आधी व नंतर चाचणी घ्यावी, काही महिन्यांनी तीच पुन्हा घ्यावी आणि वरिष्ठांनी ठरावीक तक्त्यानुसार प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण करावे. त्या निरीक्षणाचा उद्देश दोष देणे नसून पाठातील व सरावातील उणिवा शोधणे हा असावा.

किती जणांनी पाठ पूर्ण केला, ही संख्या अहवालात नोंदवणे सोपे आहे. त्या संख्येशेजारी रुग्णशय्येजवळ काय बदलले याचीही नोंद असेल, तरच खर्च सत्कारणी लागला किंवा नाही, हे विश्वस्तांना व देणगीदारांना ठरवता येईल.