हजारो वर्षे जुना कॅन्सर आणि अंगणातली सदाफुली

कॅन्सर एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही, असे डॉक्टर रुग्णाच्या नातेवाइकांना आवर्जून सांगतात आणि ते खरेच आहे. कुत्र्यांमध्ये मात्र एक कॅन्सर असा आहे, की तो खरोखरच एकाकडून दुसऱ्याला होतो. पशुवैद्यक त्याला ‘टीव्हीटी’ म्हणतात. समागमात, चाटताना किंवा हुंगताना गाठीतल्या जिवंत पेशी दुसऱ्या कुत्र्याच्या जननेंद्रियावर किंवा नाकात पोचतात आणि तिथे वाढू लागतात. यात ना विषाणू असतो, ना जिवाणू. कॅन्सरची पेशीच संसर्ग पसरवते. रशियन पशुवैद्यक नोविन्स्की यांनी १८७६ सालीच ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती.

पुढे जनुकीय तपासणीत आणखी नवल निघाले. गाठीचा डीएनए ती ज्या कुत्र्याला झाली त्याच्याशी जुळत नाही, पण जगाच्या दोन टोकांवरच्या गाठी एकमेकींशी जुळतात. म्हणजे या सगळ्या गाठी एकाच कुत्र्यापासून आल्या. जगभरातल्या ५४६ गाठींचा अभ्यास २०१९ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तो मूळ कुत्रा चार ते साडेआठ हजार वर्षांपूर्वी आशियात होता. तो केव्हाच मेला, त्याच्या पेशी अजून जगत आहेत. परक्या पेशी ओळखून मारणे हे प्रतिकारशक्तीचे काम. पण ज्या प्रथिनांवरून ही ओळख पटते, तीच या पेशी दडवून ठेवतात.

रस्त्यावरच्या कुत्रीच्या मागच्या भागातून रक्त ठिबकताना दिसले, की ‘माजावर आली असेल’ म्हणून आपण पुढे जातो. माजाचे रक्त काही दिवसांत थांबते. आठवड्यांमागून आठवडे ठिबकत असेल, किंवा नराच्या इंद्रियातून वा नाकातून रक्त येत असेल, तर टीव्हीटीची शंका घ्यावी. गाठ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत आणि हात लागताच रक्ताळणारी असते. निदानासाठी काचपट्टी गाठीवर टेकवून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की गोल गोल पेशी आणि त्यांच्यात ओळीने पारदर्शक बुडबुडे दिसतात.

त्यावरचे औषध आपल्या ओळखीच्या झाडातून आले आहे. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरले जाणारे व्हिन्क्रिस्टिन मूळचे सदाफुलीतले. ते पेशीचे विभाजन अडवते. पंधरा किलोच्या कुत्र्याला एका वेळी अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी लागते. आठवड्याला एक, अशी साधारण चार ते सहा इंजेक्शने दिली, की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मात्र ते शिरेतच जावे लागते. थेंबभर बाहेर सांडले तरी आजूबाजूचे मांस सडू शकते. पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्ततपासणी करावी लागते. सदाफुलीची पाने वाटून खाऊ घालणे हा उपचार नव्हे. ती विषारी असतात.

खरी अडचण औषधाची नाही, मोकळ्या कुत्र्याला दर आठवड्याला पकडण्याची आहे. एकदोन इंजेक्शनांत रक्त थांबते, गाठ आक्रसते, कुत्रा ताजातवाना दिसतो आणि उपचार अर्धवट सुटतो. उरलेल्या पेशी मग पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या कुत्र्यांपर्यंत पोचतात. शक्य असेल तिथे उपचार संपेपर्यंत कुत्र्याला निवाऱ्यातच ठेवावे.

टीव्हीटीवर लस नाही. प्रतिबंधाचा मुख्य मार्ग म्हणजे कुत्र्यांचे बेबंद प्रजनन थांबवणे. कुत्र्यांवर नियंत्रण आल्यावर ब्रिटनमधून हा रोग विसाव्या शतकात जवळपास नाहीसा झाला. आपल्याकडे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि रेबीज लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडायचे असते. कानाला खाच असलेला कुत्रा म्हणजे हे काम झालेला कुत्रा.

हा रोग माणसाला होत नाही, त्यामुळे घाबरून कुत्र्याला हाकलू नका. पण स्वतः पकडायलाही जाऊ नका. चावला तर रेबीजचा धोका असतो. आपल्या गल्लीत खाच नसलेला कुत्रा दिसला तर पालिकेला कळवा, रक्त ठिबकणारा दिसला तर पशुवैद्यकाला किंवा प्राणीमित्र संस्थेला. आणि उपचार सुरू झाले, तर शेवटच्या इंजेक्शनापर्यंत पाठपुरावा करा.