खर्रा सुटत का नाही?

वणीपासून पुसदपर्यंत पानठेल्यावर मिळणाऱ्या खर्ऱ्यात सुपारी, तंबाखू आणि चुना असतो. पन्नीत घोटून एकजीव केलेल्या या मिश्रणात चुन्याचं काम चवीपुरतं नाही. त्याच्या अल्कतेमुळे तंबाखूतलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून झटपट रक्तात शिरतं. मेंदूत ते डोपामिन वाढवतं आणि मेंदू ही सुखद जाणीव लक्षात ठेवतो. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून पुन्हा तलफ.

सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्यातलं अरेकोलीन मेंदूतल्या निकोटिनच्याच काही ग्राहींवर काम करतं, असं अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवलं. म्हणजे एका पुडीत दोन व्यसनं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच दिला आहे.

उरलेला भाग सवयीचा. जेवण झालं, निंदण-वखरणातून विसावा मिळाला, ठेल्यावर मित्र भेटला, की हात खिशाकडे जातो. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. धूम्रपान करणारे अवघे 3.8 टक्के. तरी आपल्या तंबाखूविरोधी जाहिरातींत सिगारेटच जास्त दिसते, हे खटकतं.

सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. चिडचिड, झोप न लागणं हा मनाचा कमकुवतपणा नव्हे, शरीराची प्रतिक्रिया आहे. मदतीसाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक 1800-11-2356 लावा.