गांडूळपालन व परसबाग

स्वयंपाकघरातील व अंगणातील कुजणारा कचरा गांडुळांना खाऊ घालून त्याचे खत करणे आणि त्या खतावर घराभोवतीच्या जागेत भाजीपाला पिकविणे, ही दोन कामे स्वतंत्रपणे करता येतात. तथापि कचरा, खत व भाजी ही तिन्ही एकाच आवारात राहत असल्याने ती एकत्र केल्यास वाहतुकीचा खर्च पडत नाही.

गांडुळांच्या जमिनीतील कार्याचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विन यांनी केला. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अखेरच्या ग्रंथात त्यांनी असा अंदाज दिला की, इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दहा टनांहून अधिक कोरडी माती दर वर्षी गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते. तथापि सर्वच गांडुळे एकसारखी नसतात. काही जाती पृष्ठभागावरील पालापाचोळ्यात व शेणात राहतात, काही जमिनीत आडवी बिळे करून माती खातात, तर काही खोल उभ्या बिळांत राहून अन्नासाठी वर येतात. खतासाठी पाळतात ती पहिल्या गटातील होत. भारतात आयसेनिया फीटिडा, मूळची आफ्रिकेतील युड्रिलस युजेनी आणि देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस या जाती प्रामुख्याने वापरतात. हा भेद लक्षात न घेतल्याने विकत आणलेली गांडुळे थेट वाफ्यात किंवा कुंडीत सोडण्याचा प्रघात पडला आहे. तेथे पुरेसा कुजका पाला नसल्यास ती मरतात किंवा निघून जातात. बागेच्या मातीत जी गांडुळे काम करतात, ती बहुधा स्थानिक असतात व आच्छादन आणि ओलावा मिळाला की आपोआप वाढतात.

खोका व त्याची निगा : घरगुती गांडूळपालनाचा अमेरिकेत प्रसार करणाऱ्या मेरी ॲपेलहॉफ यांनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दिलेले प्रमाण सोयीचे आहे : रोजच्या कचऱ्याच्या दुप्पट वजनाची गांडुळे घ्यावीत. रोज पाव किग्रॅ. कचरा निघत असेल, तर सु. अर्धा किग्रॅ. गांडुळे व ६० सेंमी. लांबरुंद, ३० सेंमी. उंच खोका पुरतो. तळाला भोके पाडून त्यावर विटांचे तुकडे किंवा नारळाचा काथ्या पसरतात व वर अर्धवट कुजलेले शेण आणि वाळलेला पाला यांचा थर देतात. ताजे शेण वापरू नये. ते कुजताना तापते व त्या उष्णतेने गांडुळे मरतात. शेण दहापंधरा दिवस आधी बाहेर पसरून, अधूनमधून पाणी मारून थंड होऊ द्यावे लागते.

गांडूळ त्वचेतून श्वसन करते. त्वचा कोरडी पडली तर ते गुदमरते आणि खोक्यात पाणी साचले तरी हवेअभावी तेच घडते. मूठभर मिश्रण दाबल्यावर एकदोन थेंबच पाणी निघावे, ही परीक्षा पुरेशी आहे. तापमान १५° ते ३०° से. असावे, त्यामुळे विदर्भातील उन्हाळ्यात खोका दाट सावलीत ठेवून त्यावर ओले गोणपाट टाकणे अपरिहार्य ठरते, तर कोकणातील पावसात त्याला छप्पर लागते. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा चालतो. लोणचे, तेलकट व खारट अन्न, मांस-मासे टाळावेत; लिंबाच्या साली थोड्याच घालाव्यात. दुर्गंधी येणे किंवा गांडुळे भिंतीवर चढू लागणे ही बहुधा जास्त अन्न वा जास्त पाणी यांची लक्षणे होत. अशा वेळी आठवडाभर कचरा थांबवून कोरडा पाला मिसळतात. मुंग्या येऊ नयेत म्हणून खोक्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतात. उंदीर, चिचुंद्री व कोंबड्या यांपासूनही रक्षण करावे लागते.

खत काळपट, रवाळ व मातीच्या वासाचे झाले की चारपाच दिवस पाणी बंद करून उजेडात त्याचा ढीग करतात. गांडुळे तळाशी जातात व वरचे खत काढून घेता येते. खतात त्यांची अंडकोशिका राहत असल्याने चाळणीवरील भाग पुन्हा खोक्यात टाकतात. गांडूळ मधोमध तोडल्यास दोन होतात, हा समज चुकीचा आहे. ही प्रक्रिया थंड असल्याने तणांचे बी मरत नाही. बी धरलेले तण खोक्यात टाकू नये.

परसबाग : खताचा हिशोब आधी मांडावा. रोज पाव किग्रॅ. म्हणजे वर्षाला सु. ९० किग्रॅ. कचरा होतो आणि त्याचे खत फार तर तिसरा हिस्सा भरते. दर चौ. मी.ला एक किग्रॅ. या प्रमाणात ते दोन हंगामांत १५ चौ. मी. जागेला पुरेल. त्यात नायट्रोजन साधारणतः एक ते दोन टक्केच असतो. त्यामुळे वांगी, टोमॅटो यांसारख्या खादाड पिकांना शेणखताची जोड द्यावी लागते. गांडूळखताचे खरे मोल जमीन भुसभुशीत होण्यात व ओल टिकण्यात आहे.

जागेला पाचसहा तास ऊन मिळाले पाहिजे. पावसाळ्यात भेंडी, गवार, चवळी व मांडवावर दोडका, कारले, पडवळ; हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, टोमॅटो, असा क्रम महाराष्ट्रात बसतो. मेथी व कोथिंबीर दर पंधरवड्याला थोडी थोडी पेरल्यास सलग मिळते. सांडपाण्याच्या ओलीवर अळू चांगले येते, मात्र साबणाचे पाणी तेथे सोडू नये. कुंपणाला शेवगा व कढीलिंब लावतात. त्यांची सावली वाफ्यांवर पडणार नाही अशी बाजू निवडावी. दोन ओळींमध्ये वाळक्या पाल्याचे आच्छादन केल्यास स्थानिक गांडुळे टिकतात. कार्बामेट गटातील कीटकनाशके त्यांना विशेष घातक आहेत, व ताम्रयुक्त बुरशीनाशके वारंवार मारल्यास त्यांची संख्या घटते.

विक्रीसाठी पालन : खताला स्थानिक गिऱ्हाईक असेल तर हा जोडधंदा होऊ शकतो. मात्र गांडुळे महाग विकून ‘वाढलेली परत विकत घेऊ’ असे आश्वासन देणाऱ्या योजना वेगळ्या असतात. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील अशी एक कंपनी २००३ मध्ये बुडाली व तिच्या भरवशावर पैसे गुंतविलेल्या पालकांकडे गिऱ्हाईक नसलेली गांडुळे उरली. धंद्यात पडण्यापूर्वी खत कोण घेणार, हे आपल्या तालुक्यातच विचारून पाहावे. सुरुवातीला लागणारी गांडुळे शेजारच्या खोक्यातील मूठभर घेऊनही वाढविता येतात.